जन्मतारखेचा प्रश्न : बालकांच्या बुद्धिमापनातील एक अनुभव

बुद्धिमापनाचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याचे सारे लक्ष कसोटीतील प्रश्नांकडे असते. सूचना शब्दशः कशा द्याव्यात, अर्धवट उत्तरास गुण द्यावा किंवा नाही, याचीच चिंता त्यास अधिक. मूल किती वर्षांचे आहे, हा प्रश्न त्यास किरकोळ वाटतो. प्रस्तुत लेखिकेसही एका रुग्णालयात उमेदवारी करीत असता तो तसाच वाटला होता.

आल्फ्रेद बिने व थिओडोर सीमाँ यांनी १९०५ मध्ये पॅरिस येथे आपली पहिली कसोटी सिद्ध केली व १९०८ च्या आवृत्तीत तिचे प्रश्न वयानुसार लावले. मुलाच्या मानसिक वयास त्याच्या प्रत्यक्ष वयाने भागावे, ही कल्पना मात्र बिनेची नव्हे. ती १९१२ मध्ये विल्यम स्टर्न याने मांडली. या भागाकारास शंभराने गुणून येणारा अंक म्हणजे बुद्धिगुणांक. धारवाडचे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिनेच्या पद्धतीची कसोटी मराठी व कानडी मुलांसाठी प्रमाणित केली. त्यासंबंधीचा त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. ही बिने-कामत कसोटी आजही अनेक रुग्णालयांत वापरली जाते. तीत भाज्य मिळविण्यासाठी परीक्षक तासभर श्रम करतो; भाजक मात्र तो कागदावरून उतरवून घेतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका ऊसतोड मजुराच्या मुलास शाळेने तपासणीसाठी पाठविले होते. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून होती. त्याप्रमाणे वय ९ वर्षे, म्हणजे १०८ महिने. कसोटीत मानसिक वय ६ वर्षे, म्हणजे ७२ महिने आले. बुद्धिगुणांक ६७. सत्तरच्या खालचा अंक म्हणून अहवालात ‘सौम्य बौद्धिक अक्षमता’ असे लिहून लेखिकेने तो मार्गदर्शक प्राध्यापकांपुढे ठेवला. त्यांनी गुणांकनाकडे पाहिलेच नाही. “ही तारीख कोणी सांगितली?” एवढेच त्यांनी विचारले.

आपल्याकडील शालेय नोंदवह्यांतून १ जून ही जन्मतारीख किती विपुल आढळते, हे सर्वांस ठाऊक आहे. प्रवेशाच्या वेळी जन्माचा दाखला नसला, की वयाच्या नियमात बसेल अशी तारीख लिहिली जाते. मुलाच्या आईस विचारता ती म्हणाली, “मॅडम, ह्यो कोपीवर झाला. कारखान्याची मोळी पडून महिना झाला व्हता.” गळिताच्या आरंभी गव्हाणीत उसाची मोळी टाकतात, हे लेखिकेस तेव्हा समजावून घ्यावे लागले. पुढील खेपेस तिने लसीकरणाचे जीर्ण कार्ड आणले. पहिली लस डिसेंबरच्या आरंभी टोचलेली होती आणि तेव्हा मूल चार दिवसांचे होते. म्हणजे कसोटीच्या दिवशी त्याचे वय ८ वर्षे ६ महिने, अर्थात १०२ महिने होते. ७२ भागिले १०२, बुद्धिगुणांक ७१.

मुलाचे एकही उत्तर बदललेले नसता ते रेषेच्या अलीकडून पलीकडे गेले. यात त्याचे कल्याणच झाले असे मात्र नव्हे. ६७ या अंकाने प्रमाणपत्राचा व सवलतींचा मार्ग खुला झाला असता, पण ‘मंद’ हा शिक्काही बसला असता. ७१ ने दोन्ही टळले. शिवाय कोणत्याही कसोटीच्या अंकात काही गुणांची चूक गृहीतच धरावी लागते. तेव्हा या दोन अंकांतील अंतरावर निर्णय टांगणे हेच मुळी अशास्त्रीय होते. वेक्स्लरच्या १९४९ च्या बाल-कसोटीने मानसिक वयाचा भागाकार सोडून दिला. नागपूर येथे मालिन यांनी केलेले तिचे भारतीय रूपांतरही त्याच पद्धतीचे आहे. परंतु तेथेही कोष्टक वयानुसारच निवडावे लागते. भाजक गेला, तरी जन्मतारीख सुटत नाही.

भाज्यही वाटते तितके निर्दोष नव्हते. दरवर्षी निम्मे वर्ष हा मुलगा शाळेबाहेर, फडात असे. शब्दार्थाच्या व वाचनाच्या प्रश्नांत तो अडखळला, त्याचे कारण किती बुद्धीत आणि किती गैरहजेरीत, हे एका बैठकीत ठरणे अशक्य होते. म्हणून अहवालात दोन्ही वये व दोन्ही अंक नोंदविले, निदान राखून ठेवले, शिक्षकांचा लेखी अभिप्राय मागविला आणि सहामाहीपर्यंत नियमित शाळा झाल्यावर कृतिकसोट्यांसह फेरतपासणी करावी असे ठरले. तारीख दिवाळीनंतरची दिली. त्या तारखेस कोणी आले नाही. शाळेत चौकशी करता, मुलगा आईबापांबरोबर कारखान्यावर गेल्याचे कळले.