प्रोफाइल पाच, पडदे दोन
घरात पाच जणांची पाच प्रोफाइल, तरी जेवणं आटोपल्यावर तिसऱ्याने मालिका लावली की नकाराची पाटी झळकते. प्रोफाइल म्हणजे फक्त आवडीनिवडींची वही. पैसे असतात ते एकाच वेळी चालणाऱ्या पडद्यांचे. नेटफ्लिक्सच्या स्टँडर्ड योजनेत ते दोन, प्रीमियममध्ये चार. आजी टीव्हीपुढे डुलक्या घेत असल्या, तरी त्यांचा पडदा धरला जातोच.

पुण्यात शिकणाऱ्या मुलीची अडचण वेगळी. जुलै २०२३पासून भारतात एक खातं एका घरापुरतंच. हे ‘घर’ रेशनकार्डावरून नव्हे, टीव्हीच्या इंटरनेट जोडणीवरून ठरतं. तिच्या खोलीवरच्या टीव्हीवर खातं उघडलं की कोड मागितला जाऊ शकतो. तो जातो बाबांच्या फोनवर, पंधरा मिनिटांत बाद होतो, आणि बाबा नेमके मीटिंगमध्ये असतात.