जे जमलं, जे निसटलं

भाऊराव कोल्हटकर १९०१ साली गेले. किर्लोस्कर मंडळीच्या या गायक नटाची ‘सौभद्र’मधली सुभद्रा ज्यांनी पाहिली, ते तिच्याबद्दल आयुष्यभर बोलत राहिले. १९०२च्या अखेरीस ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग ध्वनिमुद्रणाचं सामान घेऊन कलकत्त्यात उतरला आणि गायिका गौहर जान त्याच्या कर्ण्यासमोर गायली. मध्ये दोन वर्षांचंही अंतर नव्हतं. तेवढ्यात भाऊरावांचा आवाज कायमचा निसटला. आपल्याकडच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या संग्रहाचा मागोवा घेताना सुरुवात इथूनच करावी लागते, कारण पहिली तबकडी निघण्याआधीच हा संग्रह अपुरा होता.

पुढची वीस-बावीस वर्षं विजेशिवायच्या मुद्रणाची. गायकाने कर्ण्यात तोंड घालून गायचं आणि मेणाच्या चकतीवर सुईने रेघ ओढायची. त्या चकत्या बोटीने जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, तिथे लाखेच्या तबकड्या तयार होऊन परत यायच्या. तिथल्या कारागिरांना गाणाऱ्याची ओळख पटावी म्हणून गौहर जान शेवटी इंग्रजीत आपलं नाव सांगायची. १९०८मध्ये कलकत्त्यात कारखाना निघाला आणि तबकड्या इथेच तयार होऊ लागल्या. बेका, ओडियन, पाथे, निकोल अशा कंपन्याही बाजारात उतरल्या. कोणाला गायला बोलवायचं हे ठरायचं ते खपावर, आणि कर्ण्यात कोणाचा आवाज नीट उमटतो यावर. खुला, तार सप्तकात चढणारा आवाज उमटायचा, मंद्रातली आलापी हरवायची. गाणं तीन मिनिटांत आटोपायचं. बालगंधर्वांचं जे पद रंगभूमीवर ‘वन्स मोअर’ घेत घेत कितीतरी वेळ रंगायचं, ते तबकडीच्या एका बाजूवर बसवावं लागलं. त्यांच्या सगळ्या तबकड्या एखाद्याने जमवल्या, तरी प्रेक्षागृहात बसलेल्यांनी ऐकलेलं गाणं त्यात नसणार.

मग पूर्ण संग्रह म्हणजे नेमकं काय? जे प्रसिद्ध झालं ते सगळं, इतकाच अर्थ घेतला, तर निदान काम सुरू करता येतं. मायकेल किनिअर या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने ते करून दाखवलं. ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ या काळातल्या भारतीय मुद्रणांची त्याची सूची १९९४ साली मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढली. अशा सूचीचा कणा असतो मॅट्रिक्स क्रमांक. लेबलजवळच्या मोकळ्या जागेत कोरलेला हा आकडा लेबल बदललं तरी बदलत नाही. तेच गाणं वेगळ्या लेबलवर, वेगळ्या विक्री क्रमांकाने पुन्हा निघालं, तरी मूळ मुद्रण एकच आहे हे त्यावरून कळतं. क्रमांकांची रांग मांडली की मधली भोकंही दिसतात. काही मुद्रणं बाजारात आलीच नाहीत. काही आली, पण त्यांची एकही प्रत अजून कोणाच्या हाती लागलेली नाही. काय नाही हे नेमकं सांगता येणं ही संग्राहकाची खरी कमाई आहे, असं मला वाटतं.

महाराष्ट्रात या कामाला बळ आलं ते १९९० साली मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाल्यावर. चोरबाजारात, जुन्या बाजारात, रद्दीवाल्यांकडे एकेकटे फिरणारे लोक एकत्र बसून तबकड्या ऐकू लागले. ‘द रेकॉर्ड न्यूज’ या त्यांच्या नियतकालिकात याद्या, लेबलं, कलावंतांची माहिती छापून येऊ लागली. संस्थेचे सचिव सुरेश चांदवणकर यांनी ब्रिटिश लायब्ररीच्या संकटग्रस्त दस्तऐवजांसाठीच्या योजनेतून ‘यंग इंडिया’ आणि ‘ओडियन’ या लेबलांच्या तबकड्यांचं डिजिटल जतन हाती घेतलं. ‘यंग इंडिया’ हे मुंबईच्या एका देशी कंपनीचं लेबल, १९३५ ते १९५५ या वीस वर्षांतलं. त्यावर नवोदित गायक, हौशी मंडळी, नाट्यपदं, भाषणं, लोकगीतं असं सगळं आहे. मोठ्या नावांच्या तबकड्यांची पुढे एलपी झाली, कॅसेट झाली, सीडी झाली. या मंडळींचं काहीच झालं नाही. एका नवशिक्या गायिकेची एकुलती एक तबकडी फुटली की तिचं गाणं जगातून गेलं. दुर्मीळ म्हणायचं तर मी आधी हिला म्हणेन.

एका कलावंतापुरतं बोलायचं तर अब्दुल करीम खाँसाहेबांचं उदाहरण बघा. त्यांच्या मुद्रणांची सूची किनिअरने चरित्रासह केली आहे. त्यांनी १९०४-०५मध्ये ध्वनिमुद्रण केलं आणि नंतर १९३४पासून १९३७मधल्या मृत्यूपर्यंत. झिंझोटीतली ‘पिया बिन’ ही ठुमरी या दुसऱ्या काळातली. मधली जवळजवळ तीस वर्षं कोरी आहेत. त्याच काळात त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं, शिष्य घडवले, त्यांची गायकी पिकली. दोन्ही काळांतल्या सगळ्या तबकड्या मिळाल्या तरी तरुण गळ्यापासून परिपक्व गळ्यापर्यंतचा प्रवास आपण फक्त दोन टोकांनीच ऐकतो.

आणि गायक भास्करबुवा बखले? १९२२पर्यंत ते होते, कंपन्याही होत्या, पण त्यांचा आवाज कुठेही उरला नाही. अल्लादियाँ खाँसाहेब तर १९४६पर्यंत होते, तेही मुंबईसारख्या शहरात. त्यांचीही तबकडी नाही. त्यांची गायकी आपण ऐकतो ती मोगूबाई कुर्डीकर आणि केसरबाई केरकर यांच्या गळ्यातून. त्यातल्या केसरबाईंनीही पुढे ध्वनिमुद्रणाकडे पाठ फिरवली, म्हणून त्यांच्या तबकड्या मोजक्याच. त्यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. ती मिळवायलाही या यानांसाठी संगीताची निवड करणाऱ्यांना शोधाशोध करावी लागली, न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय दुकानात ती अखेर सापडली.

रेडिओ आणि टेप आल्यावर प्रश्न आणखी अवघड झाला. तबकडीला निदान क्रमांक होता, कंपनीची नोंदवही होती. आकाशवाणीचे सुरुवातीचे कार्यक्रम थेट प्रक्षेपित व्हायचे आणि हवेत विरायचे. पुढे घरोघरच्या मैफलींत स्पूलवर गाणी उतरली, त्यांची यादी कोणीच केली नाही. आज इंटरनेटवर जुनं गाणं उदंड आहे. पण रागाचं नाव चुकीचं, गायकाचं नाव चुकीचं, साल नाही, असं कितीतरी. जुन्या तबकड्या सगळ्या मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांच्या नव्हत्या. चुकीच्या गतीने वाजवून प्रत काढली की गायकाची पट्टीच बदलते, आणि ऐकणारा ती त्याची खरी पट्टी समजतो. नोंद नसलेली प्रत दिशाभूल करते.

म्हणून सव्वाशे वर्षांच्या या प्रवासाकडे पाहताना मला एवढं पक्कं वाटतं, की एका माणसाचं कपाट कधीच पूर्ण होणार नाही आणि तसा हट्टही धरू नये. तो हट्ट तबकड्या कुलपात टाकतो, एकाकडची एकमेव प्रत दुसऱ्याच्या कानापर्यंत पोहोचू देत नाही. पूर्ण करता येण्यासारखी आहे ती सूची, आणि ती सगळ्यांची मिळून. माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांच्या तबकड्या असतील तर विकण्याआधी किंवा टाकण्याआधी लेबलचा फोटो काढा, मॅट्रिक्स क्रमांक उतरवून घ्या, जाणत्या संग्राहकाला कळवा. घरच्या स्पूलवर कोण गातंय, कुठे, कधी, साथीला कोण, हे सांगू शकणारी माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. ती आहेत तोवर त्यांना विचारून लिहून घ्या. भाऊराव आणि भास्करबुवा आता मिळणार नाहीत. पण जे मुद्रित झालं, तेही केवळ नोंद नाही म्हणून हरवलं, तर तो दोष काळाचा नसेल, आपला असेल.