तलवारीचे पाणी

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही उर्दूत ज्याला 'फौलाद' म्हणता, त्याला मराठीत 'पोलाद' म्हणतात. दोन्ही शब्दांचे मूळ फारसीत आहे. तलवारीच्या पात्याच्या तेजाला उर्दूत 'आब' म्हणतात, तर मराठीत 'पाणी'. शब्द वेगळे, अर्थ एकच! पण पात्यात हे पाणी येते कोठून? ते मी कसे शिकलो, हे आज तुम्हांला सांगतो.

मी सातवीत होतो. मला तलवारींचे फार वेड होते. नागपूरच्या अजब बंगल्यात जुनी हत्यारे पाहिल्यापासून तर दुसरे काही सुचेना. घराच्या बांधकामातून उरलेली एक लोखंडी पट्टी मला मिळाली. ती दगडावर घासून मी तिची 'तलवार' केली आणि बाभळीच्या खोडावर मारली. पट्टी वाकली! मग ती शेगडीत लाल केली आणि पाण्यात बुडवली. तरीही ती पुन्हा वाकलीच.

नंतर एक जुनी कानस हाती लागली. तीही लाल करून पाण्यात बुडवली आणि दगडावर आपटली. खण्ण! काचेसारखे तिचे तुकडे झाले. एक तुकडा माझ्या धाकट्या भावाच्या भुवईला चाटून गेला. तो बोटभर खाली लागला असता, तर त्याचा डोळा गेला असता.

अब्बा रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते मला गावातल्या लोहारकाकांकडे घेऊन गेले. "याला लोखंड म्हणजे काय, ते एकदा समजावून सांगा," एवढेच ते म्हणाले.

मित्रांनो, शुद्ध लोखंड मऊ असते. त्यात थोडा कार्बन, म्हणजे कोळशातले मूलद्रव्य, मिसळला की त्याचे पोलाद होते. डाळीत मिठाचे जे महत्त्व, तेच लोखंडात कार्बनचे. शंभर किलो लोखंडात सुमारे दोनशे ग्रॅम कार्बन असेल, तर ते पोलाद नरम राहते. माझी पट्टी अशीच होती. सुमारे सहाशे ग्रॅम असेल, तर ट्रकच्या कमानीचा लवचीक पाटा होतो. किलोभर किंवा थोडा अधिक असेल, तर कानस होते. दोन किलोंच्या वर गेला, की ते बीड होते. बिडाची वस्तू ओतून करता येते. पण ती घणाने ठोकली तर फुटते.

लोहारकाका त्या दिवशी ट्रकच्या जुन्या पाट्यापासून धानकापणीचे विळे करत होते. त्यांनी भाता चालवून विळा लाल केला आणि फक्त त्याची धार पाण्यात बुडवली. "बेटा, आता ही धार कठीण झाली, पण तुझ्या कानशीसारखी ठिसूळही झाली," ते म्हणाले. मग त्यांनी विळा बाहेर काढून धार घासून चकचकीत केली. पाठीतली उष्णता हळूहळू धारेकडे सरकू लागली. धारेवर आधी गवती पिवळा, मग तपकिरी रंग चढला. पुढे जांभळा आणि निळा येणार, इतक्यात त्यांनी विळा पाण्यात बुडवला. "घाई केली तर विळा तुटतो, उशीर केला तर धार राहत नाही," ते म्हणाले.

असे का होते? पोलाद सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापले, की कार्बन लोखंडात पूर्ण विरघळतो. ते एकदम थंड केले, की तो आतच अडकतो आणि पोलाद कठीण होते. पुन्हा थोडे तापवले, की आतला ताण कमी होतो आणि ठिसूळपणा जातो. माझ्या पट्टीत कार्बनच कमी होता, म्हणून ती कठीण झाली नाही. कानशीत तो भरपूर होता. पण मी तिला दुसऱ्यांदा तापवलेच नाही, म्हणून ती फुटली. तलवारीचे पाणी म्हणतात ते हेच! धार कठीण आणि पाठ चिवट, असे पाते खरे.

ही विद्या आपल्या भागात फार जुनी आहे. भंडाऱ्याशेजारच्या नागपूर जिल्ह्यात नैकुंड येथे लोखंड गाळण्याची अडीच हजार वर्षांहून जुनी भट्टी उत्खननात सापडली. तेलंगणातील कोनासमुद्रम येथे मातीच्या बंद मुशीत उत्तम पोलाद तयार होई. ते नेण्यासाठी इराणचे व्यापारी येत. अशा पोलादाच्या पात्यावर लाटांसारखी नक्षी उमटते. उर्दूत तिला 'जौहर' म्हणतात. नवव्या शतकात अल-किंदी या विद्वानाने तलवारींवर ग्रंथ लिहिला. पुढे इंग्लंडमध्ये लोहाराचा मुलगा असलेल्या मायकेल फॅरेडेने भारतीय पोलादावर प्रयोग केले. आज आपल्या जिल्ह्यात वरठी येथील सनफ्लॅगच्या कारखान्यात मोटारगाड्यांच्या भागांसाठी पोलाद तयार होते. तेथेही कार्बनचे प्रमाण मोजूनमापून ठेवावे लागते.

मित्रांनो, तलवार बाळगण्यावर कायद्याची बंधने आहेत आणि ती योग्यच आहेत. तिची विद्या शिकायला मात्र कोणाची मनाई नाही. तुमच्या गावात लोहाराचा भाता चालत असेल, तर एकदा दूर उभे राहून पाहा. माझ्या भावाच्या भुवईवर अजून बारीक व्रण आहे. तो दिसला, की मला कानस आठवते आणि लोहारकाकाही आठवतात.

स्वाध्याय
१. लेखकाची पट्टी का वाकली? कानस का फुटली?
२. विळा दुसऱ्यांदा पाण्यात बुडवताना लोहारकाकांनी कशावर लक्ष ठेवले?
३. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत आढळणारे पाच शब्द लिहा.