अंदमानला जाताना : सुरक्षितता, स्वास्थ्य आणि सौजन्य

मराठी वाचकाला अंदमान हे नाव प्रथम भेटते ते ‘काळे पाणी’ या शब्दांसह. १८९६ ते १९०६ या काळात बांधल्या गेलेल्या सेल्युलर जेलमध्ये बाबाराव आणि विनायकराव या सावरकर बंधूंनी शिक्षा भोगली. स्वातंत्र्यवीरांची १९११ ते १९२१ ही तेथील वर्षे ‘माझी जन्मठेप’ या ग्रंथामुळे घरोघरी पोहोचली. त्यामुळे कुटुंब मुंबई-पुण्याचे असो वा इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबादचे, आयुष्यात एकदा तरी अंदमान पाहावे ही इच्छा मराठी घरांत हमखास आढळते. जेथून परतणे एकेकाळी दुर्लभ होते, तेथे आज चेन्नई वा कोलकात्याहून विमानाने दोन-अडीच तासांत जाता येते.

दिवाळीच्या वा नाताळच्या सुटीपूर्वी शाखेत येणारे ग्राहक अंदमानविषयी हमखास दोन प्रश्न विचारतात : रोख रक्कम किती न्यावी आणि तेथे कार्ड चालते का? प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे या लेखात पुढे दिली आहेत. परंतु त्याआधी एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. ही बेटे मुख्य भूमीपासून सुमारे १,२०० किलोमीटर अंतरावर आहेत. तेथे गोडे पाणी, बोटी, औषधे, रुग्णालयातील खाटा अशी प्रत्येक गोष्ट मोजकी आहे. महानगरात एखाद्याचा निष्काळजीपणा गर्दीत विरून जातो. बेटावर तो लगेच दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला येतो. म्हणूनच बेटावर स्वतःची काळजी आणि यजमानांचा आदर या दोन गोष्टी परस्परांपासून वेगळ्या राहत नाहीत. पाहुण्याला वाचवणारा नियम बहुधा बेटालाही वाचवणारा असतो.

आखणी करताना

प्रथम नावांविषयी. डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉक बेटाचे नाव स्वराज द्वीप, नील बेटाचे शहीद द्वीप आणि रॉस बेटाचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप असे झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये राजधानी पोर्ट ब्लेअरचे नाव श्री विजयपुरम करण्यात आले. तिकिटांवर व नकाशांवर जुनी-नवी अशी दोन्ही नावे आढळतात. तेव्हा आरक्षण करताना घोटाळा होऊ देऊ नये.

दुसरी बाब वेळेची. ही बेटे बरीच पूर्वेला असूनही घड्याळ मात्र भारतीय प्रमाणवेळेचेच. त्यामुळे हिवाळ्यात सायंकाळी पाचच्या सुमारासच सूर्यास्त होतो. मुंबईच्या हिशेबाने ‘संध्याकाळी समुद्रावर जाऊ’ असे ठरवणारे कुटुंब काळोखात किनाऱ्यावर पोहोचते. दिवस पहाटे सुरू करावा आणि अंधारापूर्वी मुक्कामी परतावे, हे उत्तम.

तिसरी बाब हवामानाची. नैऋत्य मोसमी पाऊस देशात सर्वप्रथम, मे महिन्याच्या उत्तरार्धात, याच बेटांवर उतरतो. तर ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात बंगालच्या उपसागरात चक्रीवादळे उद्भवतात. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवामानामुळे हॅवलॉक व नील बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकून पडले होते आणि त्यांच्या सुटकेसाठी नौदलाला जहाजे पाठवावी लागली होती. यावरून बोध इतकाच की, परतीच्या विमानाच्या आदल्या रात्रीचा मुक्काम श्री विजयपुरम येथेच असावा. शेवटच्या सकाळी स्वराज द्वीपाहून बोट पकडून थेट विमानतळ गाठण्याचा बेत कागदावर सोयीचा दिसतो. बोट रद्द झाली की सारा हिशेब कोलमडतो.

समुद्राचा मान

२६ जानेवारी २०१४ रोजी श्री विजयपुरमजवळच्या समुद्रात पर्यटकांची एक बोट बुडाली आणि वीसहून अधिक जणांना प्राण गमवावे लागले. बोटीत क्षमतेहून अधिक माणसे होती. बोटीत चढण्यापूर्वी तिची क्षमता किती हे विचारणे, जीवरक्षक जॅकेट मागून घेणे, ते लहान मुलांच्या अंगाला नीट बसते की नाही हे पाहणे आणि गर्दी असल्यास पुढच्या बोटीची वाट पाहणे, यात भिडस्तपणा नसावा. समुद्रातील संकटप्रसंगी तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक भ्रमणध्वनीत आधीच नोंदवून ठेवावा.

येथील खाड्यांत व खारफुटीच्या परिसरात खाऱ्या पाण्यातील मगरी आहेत. २०१० मध्ये हॅवलॉक बेटावर राधानगर किनाऱ्याजवळ एका अमेरिकन तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. मगरीचा इशारा देणारा फलक जेथे असेल तेथे पाण्यात पाऊल टाकू नये. खाडीच्या मुखाशी वा तिन्हीसांजेला पोहणे टाळावे. जीवरक्षक आत जाण्यास मनाई करतो तेव्हा त्याच्याशी वाद घालू नये. तो किनारा त्याला ठाऊक असतो. एखादा प्रवाह आत ओढू लागलाच, तर त्याच्या विरुद्ध झुंजत दमून जाण्यापेक्षा किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडावे. मद्यपान करून पाण्यात उतरणे सर्वथा वर्ज्य.

हा प्रदेश तीव्र भूकंपप्रवण आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने निकोबार बेटांवर, विशेषतः कार निकोबारमध्ये, मोठा संहार केला. त्या दिवशी लिटल अंदमानमधील ओंगे या आदिम जमातीच्या लोकांनी समुद्र मागे हटताना पाहिला आणि ते तत्काळ उंच जागी गेले, ते बचावले. ज्यांना आपण सहज ‘मागासलेले’ म्हणून मोकळे होतो, त्यांच्याजवळचे हे ज्ञान आहे. २००७ पासून हैदराबाद येथील केंद्रातून त्सुनामीचा इशारा देण्याची व्यवस्था कार्यरत आहे. तरीही जमीन जोराने वा बराच वेळ हादरली, किंवा समुद्र अचानक मागे सरला, तर इशाऱ्याची वाट न पाहता उंचावर जावे. छायाचित्रे टिपण्याची ती वेळ नव्हे.

आरोग्याची शिदोरी

सेल्युलर जेलच्या दर्शनासाठी अनेक जण वृद्ध आई-वडिलांना घेऊन जातात. त्यांची नेहमीची औषधे मुक्कामाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर अधिक पुरतील इतकी घ्यावीत आणि ती हातातील पिशवीत ठेवावीत. औषधांची यादी व अलीकडचे तपासणी-अहवाल सोबत असावेत. श्री विजयपुरम येथे गोविंद वल्लभ पंत रुग्णालय आहे. लहान बेटांवरील सोयी मात्र मर्यादित आहेत आणि गंभीर रुग्णाला चेन्नई वा कोलकात्यास हलवण्याची वेळ येऊ शकते. हृदयविकाराच्या रुग्णांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

दमट उष्ण हवेत घामावाटे शरीरातील पाणी व क्षार झपाट्याने कमी होतात. तेव्हा क्षारसंजीवनीची पाकिटे जवळ बाळगावीत, शहाळी घ्यावीत, भर दुपारचे ऊन टाळावे, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे वापरावेत. हेच कपडे व डास प्रतिबंधक मलम डास आणि वाळूमाश्यांपासूनही रक्षण करतात. बोट लागत असेल तर डॉक्टरांना विचारून औषध निघण्यापूर्वीच घ्यावे.

लेप्टोस्पायरोसिस हा रोग २००५ च्या महापुरानंतर मुंबईकरांच्या परिचयाचा झाला. अंदमानात तो त्याआधीपासून आहे. तेथील एक गूढ रक्तस्रावी ताप वस्तुतः लेप्टोस्पायरोसिस असल्याचे १९९० च्या दशकात संशोधनातून स्पष्ट झाले होते. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून वा चिखलातून अनवाणी चालू नये. परतल्यानंतर महिनाभरात ताप आल्यास ‘आम्ही अंदमानला जाऊन आलो’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. हिवतापाचे निदानही या एका वाक्यामुळे लवकर होऊ शकते.

स्कूबा डायव्हिंग करणाऱ्यांनी प्रमाणित प्रशिक्षकाकडेच जावे आणि दमा, कानाचे विकार वा हृदयरोग लपवू नये. पाण्याखाली दाब अधिक असल्याने रक्तात नायट्रोजन वायू विरघळतो आणि वर आल्यानंतर तो सावकाश बाहेर पडतो. हे पुरते होण्याआधी विमानात बसल्यास वायूचे बुडबुडे होऊन जीवावर बेतू शकते. म्हणून डायव्हिंग आणि विमानप्रवास यांत किमान १८ तास, शक्यतो पूर्ण दिवस, जाऊ द्यावा.

जारवांच्या वनातून

आता या प्रवासातील सर्वांत नाजूक भाग. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहांकडे जाणारा रस्ता जिरकाटांग ते मिडल स्ट्रेट असे सुमारे ५० किलोमीटर जारवा जमातीच्या राखीव वनातून जातो. २०११ च्या जनगणनेनुसार जारवांची संख्या अवघी ३८० होती. वाहने पोलिसांच्या देखरेखीखाली ताफ्यानेच सोडली जातात. वाटेत थांबणे, छायाचित्र घेणे, खाद्यपदार्थ वा कपडे देणे या सर्वांस मनाई आहे. १९५६ चा आदिम जमाती संरक्षण विनियम २०१२ मध्ये अधिक कडक करण्यात आला असून उल्लंघनासाठी कारावासाची तरतूद आहे.

एक बिस्किटाचा पुडा दिला तर काय बिघडले, असे पुष्कळांना वाटते. उत्तर इतिहासात आहे. १८५८ मध्ये इंग्रजांनी येथे कैद्यांची वसाहत स्थापन केली, तेव्हा ग्रेट अंदमानी जमातींची संख्या काही हजारांच्या घरात होती. बाहेरून आलेले रोग त्यांच्यात शिरले. १८७७ मध्ये गोवराच्या साथीने हाहाकार माजवला. १९०१ च्या जनगणनेत ते ६२५ उरले आणि १९६१ च्या जनगणनेत केवळ १९. जानेवारी २०१० मध्ये बोआ सीनियर या वृद्धेचे निधन झाले आणि ‘बो’ ही भाषा बोलणारे कुणीही मागे राहिले नाही. जारवांनी बाहेरच्या जगाशी असलेले वैर १९९० च्या दशकाच्या अखेरीस सोडले आणि लागलीच, १९९९ मध्ये, त्यांच्यातही गोवर पसरला. आपल्याला चार दिवसांत बरा होणारा ताप त्यांच्या शरीराला अपरिचित असू शकतो.

म्हणून ज्यांना खोकला, ताप वा अंगावर पुरळ असेल त्यांनी या रस्त्याने जाऊच नये. गाडीच्या काचा बंद ठेवाव्यात, कॅमेरे व भ्रमणध्वनी पिशवीत ठेवावेत. ही माणसे प्रदर्शनातील वस्तू नाहीत, हे मुलांना निघण्याआधीच समजावून सांगावे. ‘जारवा दाखवतो’ असे आमिष दाखवणाऱ्या चालकाची तक्रार प्रशासनाकडे करावी. गुहा न पाहताही अंदमानचा प्रवास अपुरा राहत नाही, हेही मनाशी पक्के असावे. उत्तर सेंटिनल बेटाच्या जवळपास जाण्यास तर संपूर्ण बंदी आहे. आम्हाला भेटू नका, हे तेथील रहिवाशांनी वारंवार स्पष्ट केले आहे.

तेथले तेथेच असावे

प्रवाळ आणि अनेक जातींचे शंख-शिंपले यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. किनाऱ्यावर पडलेला मृत प्रवाळही उचलून आणणे गुन्हा ठरतो आणि विमानतळावर सामान तपासताना तो पकडला जातो. पाण्याखाली प्रवाळावर उभे राहू नये. तो दगड नसून सजीव आहे. गोड्या पाण्याची टंचाई उन्हाळ्यात राजधानीलाही भेडसावते. तेव्हा बादलीभर पाण्यात स्नान आटोपणे हेही सौजन्यच.

सेल्युलर जेलच्या सात बाह्यांपैकी आज तीन उरल्या आहेत. ११ फेब्रुवारी १९७९ रोजी ही वास्तू राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाली. फाशीघरासमोर हसत छायाचित्रे काढणारे पर्यटक पाहिले की मन विषण्ण होते. मराठी माणसाने तरी तेथे आवाज खाली ठेवून वावरावे. बेटांवर आज जुन्या कैद्यांचे वंशज, बंगालमधून आलेले निर्वासित, तमिळ, तेलुगू, रांची परिसरातून आलेले, ब्रह्मदेशातून आलेले करेन असे अनेक समाज नांदतात आणि परस्परांशी हिंदीत बोलतात. त्यांच्या घरांची, प्रार्थनास्थळांची छायाचित्रे विचारूनच घ्यावीत.

व्यवहाराच्या चार गोष्टी

आता शाखेत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांकडे. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईपासून समुद्राखालून टाकलेली केबल कार्यान्वित झाल्यापासून बेटांवरील इंटरनेट पुष्कळ सुधारले आहे. तथापि लहान बेटांवर एटीएम मोजकी आहेत आणि संपर्क खंडित होऊ शकतो. म्हणून दोन दिवसांचा खर्च भागेल इतकी रोख रक्कम राजधानीतूनच घेऊन निघावे आणि ती कुटुंबातील दोघांजवळ विभागून ठेवावी. एकाच कार्डावर विसंबू नये.

प्रवास विमा घेताना केवळ हप्ता पाहू नये. डायव्हिंगसारख्या साहसी खेळांना संरक्षण आहे का, रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च मिळतो का, पूर्वीपासूनच्या आजारांचे काय, हवामानामुळे प्रवास लांबल्यास काय मिळते, या चार प्रश्नांची उत्तरे विमापत्रात स्वतः वाचावीत. विमापत्राचा क्रमांक घरी राहणाऱ्या व्यक्तीजवळ असावा. मूळ छायाचित्र-ओळखपत्र सर्वांनी जवळ ठेवावे.

एवढी तयारी झाली की निर्धास्तपणे निघावे. अंदमानचा निळा समुद्र, पहाटेचा प्रकाश आणि त्या कोठड्यांची शांतता ही कोणत्याही कुटुंबासाठी आयुष्यभराची ठेव आहे. आपल्यामागून येणाऱ्या कुटुंबालाही ती तशीच लाभावी, एवढे भान ठेवून केलेला प्रवास दोन्ही बाजूंना सुखाचा होतो.