मुक्त आज्ञावली आणि तिचे मेळावे

१९२६ साली लखनौ येथे पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने संगीत महाविद्यालय स्थापन झाले. घराण्यांत मुखोद्गत राहिलेल्या शेकडो बंदिशी भातखंड्यांनी स्वरलिपीत उतरवून छापल्या. परंतु पुस्तक हाती आल्याने कोणी गवई होत नाही. शिकणारे व शिकविणारे एकत्र यावे लागतात. याच शहरात अलीकडे भरू लागलेल्या एका निराळ्या मेळाव्यांमागेही हेच कारण आहे. ते मेळावे ‘वर्डप्रेस’ या आज्ञावलीचा उपयोग करणाऱ्यांचे होत.

आज्ञावली म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांचा संच. वर्डप्रेसच्या साहाय्याने शाळेला, ग्रंथालयाला किंवा दुकानदाराला स्वतःचे संकेतस्थळ उभारता येते. मॅट मुलेनवेग व माइक लिटल यांनी ती २००३ साली प्रसिद्ध केली. ती सर्वस्वी नवी नव्हती. फ्रान्समधील मिशेल वाल्द्रिगी यांच्या ‘बी-टू’ या आज्ञावलीचे काम थांबले होते. पण तिची मूळ संहिता खुली असल्याने या दोघांना ते पुढे नेता आले. वर्डप्रेसच्या परवान्यानेही प्रत्येकास ती वापरण्याची, अभ्यासण्याची, बदलण्याची व इतरांस देण्याची मोकळीक आहे.

तथापि मोकळीक मिळणे निराळे आणि तिचा उपयोग करता येणे निराळे. ही उणीव मेळावा भरून काढतो. स्थानिक स्वयंसेवक एखादी जागा मिळवितात. जाणकार प्रात्यक्षिक दाखवितो. नवशिका आपली अडचण मांडतो. संकेतस्थळ संथ का चालते, मजकुराची सुरक्षित प्रत कशी ठेवावी, असे प्रश्न तेथे सुटतात. एकाची अडचण पुष्कळदा अनेकांची असते, आणि कधी तिच्यातूनच आज्ञावलीतील दोष उघडकीस येतो. अशा मेळाव्यांचे मोठे रूप म्हणजे ‘वर्डकॅम्प’. पहिला वर्डकॅम्प २००६ साली सॅन फ्रान्सिस्को येथे भरला. पुढे मुंबई व पुणे येथेही ते भरले.

या कार्यात संहिता लिहिता न येणाऱ्यालाही स्थान आहे. भाषांतराचेच उदाहरण घ्यावे. आज्ञावलीतील प्रत्येक वाक्य स्वतंत्रपणे भाषांतरासाठी ठेवलेले असते. कोणीही मराठी किंवा हिंदी प्रतिवाक्य सुचवावे. भाषेचे संपादक ते तपासून स्वीकारतात. येथे दक्षता लागते. ‘१ टिप्पणी’ परंतु ‘५ टिप्पण्या’, म्हणून एकवचन व अनेकवचन वेगळे द्यावे लागते. संख्येसाठी राखलेली खूणही जशीच्या तशी ठेवावी लागते. ती खूण गळाली, तर पडद्यावर संख्याच उमटत नाही.

हे काम त्या त्या भाषेच्या लोकांनीच करावयाचे असते. ते पुढे आले नाहीत, तर परवाना खुला असूनही इंग्रजी न जाणणाऱ्याला दार बंदच राहते. ते दार उघडण्यास एक खोली, एक संगणक आणि शिकविण्यास तयार असलेला एक मनुष्य एवढ्यानेही आरंभ होऊ शकतो.