लाडक्या कुत्र्याचे उपचार : खर्चाची माहिती

सोय कुठे, सवलत कशावर?



• सरकारी सोय : पुण्यात औंध येथे जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय. सेवाशुल्क माफक.

• मुंबईत : परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय १९व्या शतकापासून. महालक्ष्मी येथे टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे रुग्णालय २०२४ पासून.

• खासगी दवाखाना : दर सरकार ठरवत नाही. तपासणी, रक्तचाचणी, एक्स-रे, सोनोग्राफी, भूल आणि शस्त्रक्रिया यांची आकारणी सहसा स्वतंत्र.

• डॉक्टर : १९८४च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार नोंदणी आवश्यक.

• जीएसटी : पशुवैद्यकीय दवाखान्याच्या उपचारसेवेला माफी. तयार खाद्यावर कर लागतो.

• विमा : काही सर्वसाधारण विमा कंपन्या कुत्र्यांचा विमा उतरवतात. आधीपासूनचा आजार आणि नेहमीचे लसीकरण बहुधा वगळलेले. सुरुवातीचा प्रतीक्षाकाळ पॉलिसीत पाहावा.

• आयकर : आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील वजावट माणसांपुरतीच.

• लस : रेबीजची पहिली मात्रा साधारण ३ महिन्यांच्या वयात. पुढील मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने, बहुधा दरवर्षी.

• कायदा : पाळीव प्राण्याला पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा.