सुगरण पक्ष्याचे घरटे व शेतकरी

मृगाचा पाऊस पडून भाताची रोपे वर आली, म्हणजे खाडीकाठच्या शिंदीवर व बाभळीवर सुगरणीची घरटी लोंबू लागतात. हा पक्षी भाताचा चोर, असे म्हणून कित्येक शेतकरी घरटी फांदीसकट तोडून टाकतात. तत्पूर्वी ही घरटी कोण विणतो व कशासाठी, हे जाणणे इष्ट आहे.

नाव सुगरण असले तरी विणकर नर असतो. एरवी तो चिमणीच्या मादीसारखा भुरा दिसतो; पावसाळ्यात मात्र त्याचा माथा व छाती पिवळीजर्द होते. भाताची व गवताची पाती चिरून तो धागे काढतो. घरटे निम्मे झाले, की त्यास लोंबकळून, पंख फडफडवून तो मादीस बोलावतो. मादी आत शिरून पाहणी करते व पसंत पडल्यासच राहते. मग नर खालची नळी विणून घरटे पुरे करतो आणि दुसऱ्या मादीकरिता दुसरे आरंभितो. नापसंत घरटी तशीच अर्धवट राहतात. ही सर्व हकीकत सालिम अली यांनी १९३० साली अलिबागजवळ किहीम येथे निरीक्षण करून उजेडात आणली.

महसूल खात्यात आम्ही हद्दींचे तंटे पुष्कळ पाहिले. वाघ कित्येक मैलांची हद्द राखतो. सुगरण नराची वहिवाट मात्र घरटे व त्याभोवतालची थोडी जागा एवढीच. शेजारी धागे चोरावयास टपलेला असतो. तो जवळ येताच मालक त्याच्या अंगावर धावतो. म्हणूनच एका झाडावर अनेक बिऱ्हाडे नांदतात.

मादी दोन ते चार अंडी घालून सुमारे पंधरा दिवस एकटीच उबवते. पिलांस ती नाकतोडे, अळ्या आदी किडे भरवते. हे किडे आपल्याच शेतातील होत. दाण्यात दूध भरल्यावर हा पक्षी नुकसान करतो, हेही खरे. परंतु त्यास उपाय त्या थोड्या दिवसांची राखण व गोफण हा आहे. श्रावणात पिलांसह घरटे तोडणे हा नव्हे.

आमच्या कळव्याची भातशेते बहुतांशी इमारतींखाली गेली. ज्यांच्या बांधावर शिंदी किंवा बाभूळ अद्याप उभी आहे, त्यांनी निदान पिले उडून जाईपर्यंत तिजवर कोयता चालवू नये, अशी आमची विनंती आहे.